डोकी मोजून संग्रहालय कळत नाही

२०१८ साली पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाला १ कोटी २ लाख लोकांनी भेट दिली. लुव्रच्या इतिहासातला तो उच्चांक होता आणि त्याचं कौतुकही झालं. जानेवारी २०२५ मध्ये याच संग्रहालयाच्या संचालिका लॉरांस दे कार यांनी फ्रान्सच्या संस्कृतिमंत्र्यांना लिहिलेलं टिपण वर्तमानपत्रांच्या हाती लागलं. इमारत गळते आहे, दोन घटका बसायला जागा नाही, खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय अपुरी आहे आणि एवढ्या गर्दीत संग्रहालय पाहणं म्हणजे शरीराची परीक्षाच होऊन बसली आहे, असा त्या टिपणाचा सूर होता. त्याच वर्षी जूनमध्ये गर्दीला वैतागलेल्या कर्मचाऱ्यांनी अचानक काम थांबवलं आणि काचेच्या पिरॅमिडबाहेर पर्यटक तासन् तास ताटकळले.

तिकीटखिडकीच्या हिशेबाने पाहिलं तर लुव्रइतकी यशस्वी संग्रहालयं जगात मोजकीच. पण आत गेलेल्या माणसाला काय मिळालं, याचं उत्तर त्या हिशेबात नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे. जगातली बहुतेक संग्रहालयं सरकारी अनुदानावर, पालिकेच्या पैशावर किंवा देणग्यांवर चालतात. अंदाजपत्रक ठरताना दवाखान्यासाठी खाटा मागणारे आणि संग्रहालयाच्या छपरासाठी निधी मागणारे एकाच टेबलापुढे उभे असतात. खाटांची गरज सिद्ध करावी लागत नाही. संग्रहालयवाल्यांना मात्र विचारलं जातं, ‘तुमच्यामुळे लोकांचं नेमकं काय भलं होतं?’ ‘संस्कृतीचं जतन होतं’ हे उत्तर खरं असलं तरी वित्त अधिकाऱ्याच्या रकान्यात बसत नाही. म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे ‘भलं’ मोजण्याची एक शाखाच उभी राहिली आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, अर्थशास्त्रज्ञ आहेत, आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे.

पायांपासून सुरुवात

संग्रहालयात येणाऱ्या माणसाकडे बारकाईने पाहण्याचा इतिहास मात्र जुना आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर एक लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला काचपेट्यांतल्या वस्तूंविषयी काही प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, उकिडवं बसावं, मान वाकडी करावी लागते याची छायाचित्रं काढली. पाहणारा दमतो तो वस्तूंमुळे नव्हे, त्या चुकीच्या उंचीवर मांडल्यामुळे, हे त्या छायाचित्रांतून उघड झालं. पुढे १९२८ मध्ये येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी स्टॉपवॉच घेऊन प्रेक्षकांचा माग काढला. बहुतेक लोक एका चित्रापुढे काही सेकंदच थांबतात, हे त्यांना दिसलं. त्यांचे सहकारी आर्थर मेल्टन यांना पुढे असंही आढळलं, की दालनात शिरल्यावर बहुसंख्य माणसं उजवीकडे वळतात.

या अभ्यासांमुळे मांडणी सुधारली. पण त्यांत मोजलं जात होतं ते वागणं. माणूस बाहेर पडल्यावर त्याच्या आयुष्यात काही फरक पडला का, हा प्रश्न अजून कुणी विचारत नव्हतं. तो ठामपणे विचारला स्टीफन वाइल यांनी. मूळचे वकील असलेले वाइल वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात उपसंचालक होते. संग्रहालय ‘कशाबद्दल’ आहे यापेक्षा ते ‘कुणासाठी’ आहे हे महत्त्वाचं, असं त्यांनी १९९९ च्या एका गाजलेल्या निबंधात मांडलं. किती वस्तू जमवल्या, किती प्रदर्शनं भरवली, किती लोक आले, हा संग्रहालयाने केलेल्या कामाचा हिशेब झाला. त्या कामाने कुणाच्या जगण्यात काय बदललं, हा परिणामाचा हिशेब. पहिला हिशेब ठेवणं सोपं असतं, म्हणून वार्षिक अहवाल त्यानेच भरतात.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. त्यात समाजाची सेवा, सर्वांना खुला प्रवेश, सर्वसमावेशकता आणि लोकसहभाग यांना जागा मिळाली. समाजाची सेवा हे उद्दिष्ट एकदा लिहून दिलं, की ती किती झाली हे दाखवण्याची जबाबदारीही आलीच.

सहा शब्दांची छत्री

सर्वांत सोपी मोजपट्टी एका कागदावर मावते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लिंडा थॉमसन आणि हेलन चॅटर्जी यांनी २०१३ मध्ये संग्रहालयांसाठी एक साधनसंच तयार केला. त्यातल्या कागदावर उघडलेली छत्री वरून दिसावी तसा षट्कोन असतो. त्याचे सहा रंगीत भाग आणि प्रत्येक भागात एक शब्द असतो. उत्साही, सजग, आनंदी, प्रेरित अशा अर्थाचे ते शब्द. प्रत्येक शब्दापुढे १ ते ५ आकडे. ‘आत्ता या क्षणी मला असं अजिबात वाटत नाही’ म्हणजे १, ‘खूपच वाटतं’ म्हणजे ५. संग्रहालयातल्या उपक्रमाआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी ती छत्री भरायची. सहा शब्दांची बेरीज कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ३०. आधीची बेरीज १४ आणि नंतरची २१ आली, तर त्या तासाभरात त्या माणसाच्या मनःस्थितीत सात गुणांचा फरक पडला.

दिसायला हा खेळ वाटेल, पण त्यामागे १९८८ सालची एक मान्यताप्राप्त मानसशास्त्रीय चाचणी आहे. दहा सुखद आणि दहा दुःखद भावनांचे शब्द देऊन माणसाची मनःस्थिती टिपणारी ती चाचणी रुग्णालयांत आणि संशोधनात सर्रास वापरली जाते. ती संग्रहालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला झेपेल एवढी आटोपशीर करणं हे या छत्रीचं काम. अप्रिय भावनांची छत्री वेगळी आहे. ज्येष्ठांसाठी आणि तरुणांसाठीही निराळ्या शब्दांच्या छत्र्या आहेत, कारण सत्तरीच्या माणसाला ‘चेकाळल्यासारखं वाटतं का’ असं विचारून काही हाती लागत नाही.

या साधनामागे रुग्णालयातला प्रत्यक्ष अनुभव होता. त्याआधीच्या काही वर्षांत याच गटाने लंडनच्या रुग्णालयांत संग्रहालयातल्या वस्तू नेल्या होत्या. खाटेवरच्या रुग्णाशेजारी कुणीतरी अर्धा-पाऊण तास बसायचं आणि पेटीतली एकेक वस्तू त्याच्या हातात द्यायची. कधी जीवाश्म, कधी प्राचीन इजिप्तमधली एखादी वस्तू, कधी गारगोटीचं हत्यार. ही कशाची असेल, किती जुनी असेल, हाताला कशी लागते, यावर गप्पा चालायच्या. आधी आणि नंतर मनःस्थितीची चाचणी घेतली जायची. काही रुग्णांना वस्तूंऐवजी फक्त त्यांची चित्रं दाखवली. गप्पा तशाच, सोबतही तशीच. तरीही प्रत्यक्ष वस्तू हाताळणाऱ्यांमध्ये सुधारणा अधिक दिसली. ही तुलना मोलाची आहे. ती केली नसती तर ‘रुग्णाला बरं वाटलं ते कुणीतरी शेजारी येऊन बसलं म्हणून’ असा आक्षेप कुणीही घेतला असता, आणि तो खोडून काढता आला नसता.

२०१४ ते २०१७ या काळात याच विद्यापीठाने एकटेपणाचा धोका असलेल्या ज्येष्ठांसाठी लंडन आणि केंट परगण्यातल्या संग्रहालयांत दहा-दहा आठवड्यांचे उपक्रम चालवले. दर आठवड्याला एक सत्र. वस्तू पाहायच्या, हाताळायच्या, त्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांवरून काहीतरी करून बघायचं. मिळालेले आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ‘प्रसन्न’ या शब्दाचे गुण सर्वांत जास्त वाढले, ‘तरतरीत’ या अर्थाच्या शब्दाचे सर्वांत कमी. आणि ‘गुंगून गेल्यासारखं वाटलं’, ‘काही नवं उमगलं’ या दोन भावना शेवटच्या सत्रात इतरांपेक्षा खूपच वर गेल्या. म्हणजे विरंगुळा पहिल्या दिवसापासून मिळतो. गुंतायला मात्र वेळ लागतो. एका दिवसाची सहल आणि दहा आठवड्यांचा उपक्रम यांत निवड करायची असेल, तर हा तपशील कामाला येतो.

छत्रीची मर्यादाही तिच्या साधेपणातच आहे. समोर हसतमुख ताई उभ्या असताना त्यांच्या कार्यक्रमाला १ गुण देणं कुणालाही जड जातं. माणसं भिडेखातर वाढवून गुण देतात. शिवाय ती छत्री त्या तासाबद्दल सांगते. महिन्याभराने काय उरलं, याची तिला कल्पना नसते.

लाळेतला ताण

भीड टाळायची तर शरीरालाच विचारावं. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या अँजेला क्लो यांनी २००६ मध्ये हाच मार्ग धरला. लंडनच्या आर्थिक वस्तीत नोकरी करणाऱ्या २८ जणांना जेवणाच्या सुट्टीत जवळच्याच गिल्डहॉल कलादालनात पाठवलं. आत जाताना आणि बाहेर पडताना त्यांच्या लाळेचे नमुने घेतले. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते लाळेतही सापडतं. पाऊण तासाच्या आतल्या त्या फेरफटक्यानंतर कॉर्टिसोल सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलेलं होतं. ताण किती वाटतो असं तोंडी विचारलं, तेव्हा तोही ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. दिवस कलत जातो तसं कॉर्टिसोल आपोआपच उतरतं. पण एवढं उतरायला एरवी सुमारे पाच तास लागले असते, असा संशोधकांचा हिशेब होता.

वाचायला झकास वाटणारा हा प्रयोग पुरावा म्हणून कच्चा आहे. माणसं फक्त २८. दुसऱ्या गटाला त्याच वेळी बागेतल्या बाकावर बसवून तुलना केलेली नव्हती. तेव्हा ताण चित्रांनी उतरवला, की साहेबाच्या नजरेपासून पाऊण तास सुटका झाली म्हणून तो उतरला, हे त्यातून सांगता येत नाही. पुढे कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये ज्येष्ठ नागरिकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून, एका गटाला तीन महिने दर आठवड्याला संग्रहालयात नेऊन अभ्यास झाले. ते अधिक भरवशाचे, पण अशा प्रयोगांना पैसा आणि चिकाटी दोन्ही लागतात. त्यामुळे ते थोडे आहेत.

चौदा वर्षांचा पाठपुरावा

आणखी एक वाट आहे. हजारो लोकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करायची आणि संग्रहालयात जाणारे आणि न जाणारे यांच्या प्रकृतीत पुढे काय फरक पडतो ते पाहायचं. स्वीडनमध्ये १९८२-८३ साली साडेबारा हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन १९९१ पर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. सांस्कृतिक कार्यक्रमांना क्वचित जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं.

याहून चर्चा झाली ती डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेपटो यांच्या डिसेंबर २०१९ च्या अभ्यासाची. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० जणांचा त्यांनी १४ वर्षं पाठपुरावा केला. संग्रहालय, कलादालन, प्रदर्शन, नाटक, मैफल, ऑपेरा यांपैकी कुठेही कधीच न जाणारे १,७६२ जण होते. त्यांपैकी ८३७ या काळात वारले, म्हणजे ४७.५ टक्के. दर काही महिन्यांनी जाणारे १,९०६ होते. त्यांतले ३५५ वारले, म्हणजे १८.६ टक्के.

एवढ्यावर मथळा द्यायचा तर ‘संग्रहालयात जा, दीर्घायुषी व्हा’ असा देता येईल. पण संग्रहालयात कोण जातं? ज्याच्या हाती पैसा आहे, ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याचं शिक्षण बरं झालंय, ज्याला सोबतीला कुणी आहे. अशी माणसं संग्रहालयाचं तोंडही न पाहता अधिक जगली असती. संशोधकांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वय, संपत्ती, शिक्षण, आजार, व्यायाम, नैराश्य, स्मरणशक्ती, मित्रपरिवार यांचा परिणाम संख्याशास्त्राने वजा केला. तसं केल्यावर वारंवार जाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी उरला, आणि वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांचा १४ टक्क्यांनी. कच्च्या आकड्यांत दिसणारा फरक याच्या जवळपास दुप्पट होता. ढोबळ मानाने, दिसणाऱ्या फायद्यातला निम्मा भाग मुळात सुस्थितीचा होता. उरलेला निम्मा खराच कलेचा, की त्यातही न मोजलेलं काही दडलंय, याचं ठाम उत्तर असा अभ्यास देऊ शकत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

फक्त संग्रहालयांपुरतं बोलायचं तर याच गटाचा २०१८ चा अभ्यास आहे. पन्नाशीपुढच्या ३,९११ जणांमध्ये, दर काही महिन्यांनी संग्रहालयात जाणाऱ्यांना पुढच्या दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण कमी आढळलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. एकेकट्या अभ्यासात त्रुटी असल्या तरी निष्कर्षांचा कल एकाच दिशेला आहे, म्हणून तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

डॉक्टरांनी हा कल मनावर घेतलेला दिसतो. मॉन्ट्रियलच्या ललित कला संग्रहालयाशी झालेल्या करारानुसार २०१८ पासून तिथले डॉक्टर रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीवर संग्रहालयाची मोफत भेट लिहून देऊ लागले. ब्रुसेल्सच्या ब्रुगमन रुग्णालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ताणतणावाच्या रुग्णांसाठी तशीच सोय सुरू केली.

आनंदाची किंमत पौंडांत

डॉक्टरांना प्रकृतीचा आकडा पुरतो. अर्थखात्याला पैशातला आकडा लागतो. इथे अर्थशास्त्रज्ञ पुढे येतात.

डॅनियल फुजिवारा यांनी ब्रिटनमधल्या ‘हॅपी म्युझियम’ प्रकल्पासाठी २०१३ मध्ये असा हिशेब मांडला. पद्धत समजून घ्यायला काल्पनिक आकडे घेऊ. हजारो लोकांना विचारलं, की एकंदर आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, १० पैकी गुण द्या. वय, प्रकृती, नोकरी, कुटुंब असं बाकी सगळं सारखं असताना संग्रहालयात जाणाऱ्यांचे गुण ०.१ ने जास्त निघाले. त्याच माहितीवरून असंही दिसलं, की वर्षाला पन्नास हजार रुपये मिळकत वाढली तरी समाधान ०.१ नेच वाढतं. दोन्हींचा परिणाम सारखा, म्हणून संग्रहालयाची वर्षभराची संगत त्या माणसाला पन्नास हजारांच्या तोडीची. फुजिवारांच्या हिशेबात ही किंमत दरडोई वर्षाला सुमारे ३,२०० पौंड निघाली. खेळात भाग घेण्याची किंमत निघाली सुमारे १,५०० पौंड.

संग्रहालय मैदानाच्या दुपटीहून मोलाचं, हे वाचून क्रीडाशिक्षकच काय, संग्रहालयाचा अभिरक्षकही चमकेल. गोम मिळकतीच्या बाजूला आहे. पैसा वाढला की समाधान फार थोडं वाढतं, असंच बहुतेक पाहण्यांत दिसतं. पैशामुळे वाढणाऱ्या समाधानाचा हा आकडा भागाकारात खाली येतो, आणि खालचा आकडा लहान असला की उत्तर फुगतं. शिवाय पैसा मिळवण्यासाठी केलेली दगदग समाधान खातेच. म्हणून काही हिशेबांत लॉटरी लागलेल्यांची माहिती वापरतात, कारण तिथे पैसा दगदगीशिवाय आलेला असतो. उलट बाजूनेही शंका घेता येते. संग्रहालयामुळे माणूस समाधानी होतो, की समाधानी माणसालाच रविवारी संग्रहालयात जायचं सुचतं?

दुसरी पद्धत थेट विचारण्याची आहे. ‘हे संग्रहालय चालू राहावं म्हणून वर्षाला किती जादा कर द्याल?’ ती बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी वापरतात. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा निसर्गाच्या नुकसानीची किंमत ठरवताना या पद्धतीवर रणकंदन झालं. अखेर नोबेलविजेते केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने १९९३ मध्ये तिचे नियम घालून दिले. तिची एक खुबी अशी, की संग्रहालयात कधीच न जाणाराही ‘ते असावं, माझ्या नातवंडांनी पाहावं’ म्हणून रक्कम सांगू शकतो. तिकीटखिडकीवर हे मोल कधीच दिसत नाही.

ब्रिटिश अर्थखात्याने २०२१ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. एका माणसाच्या समाधानाचा एक गुण, तो एक वर्ष टिकला, तर त्याची किंमत २०१९ च्या दरांनी १३,००० पौंड धरावी, असा सरकारी दंडक आला. आता रस्ता, वाचनालय, संग्रहालय यांच्या प्रस्तावांची तुलना एकाच मापाने करता येते. हे माप कितीही ओबडधोबड असलं तरी त्याने एक काम केलं. ज्या रकान्यात संग्रहालयापुढे आजवर शून्य लिहिलं जायचं, तिथे आता आकडा येऊ लागला.

जड मनाने बाहेर पडणारे

अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणी संग्रहालय आहे. घर सोडताना लोकांनी सोबत घेतलेल्या वस्तू, पत्रं, कागदपत्रं, त्यांच्या आवाजातल्या आठवणी तिथे आहेत. भोपाळमध्ये २०१४ साली वायुपीडितांच्या वस्तूंचं आणि ध्वनिमुद्रित आठवणींचं संग्रहालय उभं राहिलं. या दारांतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती सहा शब्दांची छत्री दिली, तर ‘आनंदी’पुढे तो काय लिहील? आधी ४ असेल तर नंतर २. मोजपट्टीच्या लेखी या संग्रहालयांनी माणसाचं नुकसान केलं.

हा दोष संग्रहालयांचा नाही. समाजाचं भलं म्हणजे माणसांना खूश ठेवणं, एवढाच अर्थ त्या पट्टीला ठाऊक आहे. घडलेल्या अन्यायाची नोंद राहणं, पीडितांना आपली कहाणी आपल्या तोंडून सांगता येणं, पुढच्या पिढीला ती ऐकावी लागणं, हेही भलंच आहे. अमेरिकेत उटा राज्याच्या पुढाकाराने ३८ संग्रहालयांनी मिळून जी पाहणी केली, तिने म्हणूनच एका शब्दावर भिस्त ठेवली नाही. प्रकृती आणि मनःस्वास्थ्य, शिकत राहण्याची वृत्ती, माणसामाणसांतले संबंध आणि वेगळ्या समाजांबद्दलची समज अशा चार अंगांनी प्रश्न विचारले. लोकांना एकदाच न बोलावता तीन-तीनदा बोलावलं आणि मग आधी-नंतरची तुलना केली.

आकड्यांचा आणखी एक धोका ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. जो आकडा मोजण्यासाठी निवडला, तोच गाठायचं लक्ष्य ठरला, की तो मोजण्याच्या कामाचा राहत नाही. प्रेक्षकसंख्येवर अनुदान ठरू लागलं, तर शाळांच्या बसगाड्या रांगेत लागतील, मुलं दालनांतून पळवली जातील आणि नोंदवहीत संख्या भरेल. छत्रीच्या गुणांवर ठरू लागलं, तर फाळणीचं दालन बंद होऊन तिथे सेल्फीचा कोपरा येईल.

न आलेल्यांची मोजदाद

डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क पूर्णपणे काढून टाकलं. आधी तिकीट लावणाऱ्या संग्रहालयांतली वर्दळ पुढच्या दहा वर्षांत अडीचपट झाली. धोरण यशस्वी ठरलं, असं कुणीही म्हणेल. पण मोरी या पाहणीसंस्थेने सुरुवातीलाच पाहिलं तेव्हा प्रेक्षकांची घडण फारशी बदललेली नव्हती. सुशिक्षित, सुस्थित वर्गातली तीच माणसं अधिक वेळा येत होती. तिकीट हा एक अडसर होता. प्रवास, वेळ, ‘ही जागा आपल्यासाठी नाही’ ही भावना, हे अडसर तिकीट काढून टाकल्याने हटले नाहीत.

सगळ्या मोजपट्ट्यांची दुखरी जागा हीच आहे. छत्री भरतो तो आलेला माणूस, लाळ देतो तो आलेला माणूस. आयुष्य वाढलं तर वाढतं तेही आधीच बऱ्या स्थितीत असलेल्याचं. न आलेला माणूस हिशेबातच नसेल, तर संग्रहालय समाजाचं भलं करतं असं म्हणण्याऐवजी आपल्या नेहमीच्या प्रेक्षकांचं भलं करतं, एवढंच सिद्ध होतं.

आपल्याकडे या दृष्टीने एक काम नजरेत भरतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षांनी, २०१५ मध्ये, या संग्रहालयाने एका बसमध्ये छोटं फिरतं प्रदर्शन मांडलं आणि ती बस शाळांच्या आणि वस्त्यांच्या दारात नेऊन उभी केली. जो संग्रहालय असलेल्या फोर्ट भागापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जायचं, हा त्यामागचा विचार. अशा बसभोवती जमलेल्या शंभर मुलांची नोंद आणि फोर्टमधल्या दालनात आलेल्या शंभर पर्यटकांची नोंद प्रेक्षकसंख्येच्या रकान्यात सारखीच दिसते. समाजाच्या हिशेबात ती सारखी नाही.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी दिवंगत मुलाच्या नावे उभा केलेला आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हाती सोपवलेला हा संग्रह दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी अशा घरगुती वस्तूंचा आहे. लंडनच्या रुग्णालयात अनोळखी देशातल्या वस्तूही बोलत्या करतात, तर ज्या आजीने अडकित्त्याने सुपारी कातरत अर्धं आयुष्य काढलं, तिला त्या काचपेटीपुढे किती सांगायचं असेल! असे उपक्रम राज्यातल्या लहानमोठ्या संग्रहालयांत करता येतील, आणि त्यांचा परिणाम मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. सहा मराठी शब्द निवडलेला एक कागद, आधी आणि नंतर भरून घेणारा एखादा विद्यार्थी, आणि तीन महिन्यांनी त्यांतल्या काही जणांना एक फोन, एवढ्यावर सुरुवात होते. भिडेखातर मिळालेले गुण टाळायचे तर कागद भरून घेणारा संग्रहालयाचा माणूस नसावा, आणि कागदावर नाव नसावं.

त्याच्या जोडीला आणखी एक यादी करावी. तालुक्यातल्या कुठल्या शाळा कधीच आल्या नाहीत, कुठल्या वस्तीतून कुणी येत नाही, व्हीलचेअरवरचा शेवटचा प्रेक्षक कधी आला, दृष्टिहीन माणसाला हात लावता येईल अशा किती वस्तू आहेत. या यादीला खर्च जवळपास शून्य आहे. अनुदान देणाऱ्यांनीही प्रेक्षकसंख्येआधी हीच यादी मागायला हवी.

वाचकांनाही एक सांगणं आहे. संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत आपण बहुतेक वेळा ‘फार छान, पुन्हा येऊ’ असं लिहून सही करतो. त्यातून कुणालाच काही कळत नाही. कुठली वस्तू लक्षात राहिली, कुठला फलक वाचता आला नाही, सोबत कुणाला आणता आलं नाही आणि का, असं एक वाक्य लिहिलंत तर अभिरक्षकाच्या उपयोगी पडेल. संग्रहालयं चालतात ती कधीच तिथे न गेलेल्यांच्याही करातून. त्यामुळे त्यांनी समाजाचं किती भलं केलं, याचा हिशेब न आलेल्यांपासूनच सुरू व्हायला हवा.